पान चारशे तेरा

१

जाड पुस्तकांच्या शेवटी बारीक टाइपात एक सूची असते. कुठला शब्द कुठल्या पानावर आलाय ते सांगणारी. ती आपण सहसा वाचत नाही, आणि कोणीतरी जितंजागतं माणूस बसून ती तयार करतं हे तर आपल्या डोक्यातही येत नाही. तर ही गोष्ट अशा सूच्या करणाऱ्या एका बाईची.

प्रकाशकाच्या कचेरीत तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणायचे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची पानं तिच्याकडे यायची. एकेक पान वाचायचं, कामाचा शब्द दिसला की बोटभर चिठ्ठीवर तो लिहायचा, पुढे पानाचा आकडा टाकायचा आणि चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात. शेवटचं पान हातावेगळं झालं की सगळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा लाल दोऱ्याने बांधायचा आणि पेन्सिलीचं उरलेलं थोटुक त्यात खोचायचं. त्याआधी दोरा बाहेर काढायचा नाही. कोणी घाई केली तर ती म्हणायची, "एकदा बांधला की त्यात नवं पान शिरत नाही. पुस्तक संपलंय ना नक्की?"

कचेरी एका शहरात आणि घर दुसऱ्या. संध्याकाळी चार दहाची गाडी धरायची, पाच बावन्नला घरच्या स्टेशनात उतरायचं. खरं काम व्हायचं ते या गाडीत. कारण कचेरीत संपादक तिचं डोकं खायचे, आणि घरी ठकी होती.

ठकी आठ वर्षांची. बाप जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. शाळा सुटली की ती मामाच्या दुकानात बसायची. मामा म्हणजे चिठ्ठीबाईचा थोरला भाऊ, स्टेशनच्या पायऱ्यांखाली घड्याळं दुरुस्त करायचा. पावणेसहा झाले की मामा-भाची प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर हजर.

मायलेकींचा एक करार होता. शाळेच्या नाटकात ठकी झाड झाली होती. आई वेळेवर आली, पुढच्या रांगेत बसली, पण मांडीवर पानं घेऊन. घरी येताना ठकी म्हणाली, "मी एकदासुद्धा हलले नाही. तरी तू बघितलं नाहीस." त्या दिवसापासून ठरलं, घरी पिशवी उघडायची नाही. घरी आई म्हणजे फक्त आई.

म्हणून गाडीत ती मान वर करत नसे. वाटेत सात बोगदे होते. दोन बोगद्यांमध्ये तीन पानं हा तिचा हिशेब. कागदावर अंधार आला, डब्यातले दिवे लागले की एक बोगदा. सातवा आला की आवराआवर. समोरच्या बाकावर रोज एक बोलकी शिवणबाई असायची, कापडाच्या दुकानात शिलाईला जाणारी. ती म्हणायची, "अहो, नदी बघा तरी आज काय भरलीय." चिठ्ठीबाई म्हणायची, "हो का? छान." तीन वर्षं जायची-यायची, पण परतीच्या वाटेवरची ती नदी तिने पाहिलेली नव्हती.

२

तेव्हा हातात पक्ष्यांवरचा एक ग्रंथ होता. चारशे बारा पानं, आणि लेखक असा हौशी की ओळीओळीला नवा पक्षी. मुदत महिनाअखेरीची. रोजची तीन पानं मागे राहायला लागली. चिठ्ठीबाईचा जीव टांगणीला लागला, कारण ती उरलेली पानं शेवटी घरीच उघडावी लागणार होती.

एका मंगळवारी सातवा बोगदा गेला. पुढ्यात तीन पानं तशीच. अजून एक बोगदा असता तर झालं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि कागदावर अंधार आला. डब्यातले दिवे लागले.

हात तयार होते, मन तयार होतं. तिने विचार न करता तिन्ही पानं संपवली. शेवटची चिठ्ठी डब्यात पडली तसा उजेड आला. गाडी पाच बावन्नला स्टेशनात. बाकावरून ठकीने हात वर केला, आणि तिने रोजच्यासारखा वर केला.

रात्री भाकरी थापताना तिने बोटांवर मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. मोजण्यात चूक झाली म्हणावं तर तीन पानं झाली होती, ती काय हवेत झाली?

३

दुसऱ्या दिवशी तिकीट तपासनीस आला तेव्हा तिने मान खाली ठेवूनच विचारलं, "या वाटेवर बोगदे किती हो?"

"सात."

"आठ नाहीत?"

"बाई, मी एकवीस वर्षं या गाडीवर आहे. बोगदे काय दाढी आहे, रात्रीतून वाढायला?" शिवणबाई खुदखुदली. चिठ्ठीबाईही हसली. पण तिच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. आकडा जुळला नाही की चैन पडत नाही.

त्या संध्याकाळी पुन्हा आठवा बोगदा आला. तिने भावाला सांगितलं. तो तसा शांत माणूस, बोलताना डोळ्यावरचं भिंग काढायचाही आळस. पण एका खणातून त्याने एक मनगटी घड्याळ काढलं. "हे दिवसाला दोन सेकंदसुद्धा इकडेतिकडे होत नाही. माझ्या समोरच्या घड्याळाशी मिळवून देतो. उद्या आलीस की बघू."

दुसऱ्या दिवशी ती उतरली तेव्हा स्टेशनच्या घड्याळात पाच बावन्न, दुकानात पोचली तेव्हा तिथल्या घड्याळात पाच पंचावन्न आणि तिच्या मनगटावर सहा वाजून बारा मिनिटं.

"पुढे गेलंय," भाऊ म्हणाला.

"सतरा मिनिटं?"

त्याने पाठ उघडून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "काही बिघाड नाही. तू काटे फिरवलेस?"

"मी कशाला फिरवू?"

"मग सतरा मिनिटं तू कुठेतरी जास्तीची काढलीस," तो म्हणाला, आणि स्वतःच्या बोलण्याला हसून त्याने घड्याळ मिळवून परत दिलं.

४

आता घाबरायला हवं होतं, हे कबूल. पण ज्या बाईला आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीला वेळ पुरला नाही, तिला कोणी रोज सतरा मिनिटं फुकट देत असेल तर ती आधी घाबरेल की आधी वापरेल? चिठ्ठीबाईने वापरली. वर तिला हे काय आहे ते बघायची उत्सुकताही दाबता येईना.

तिने एकेक गोष्ट लावून पाहिली. सहा पानं मागे ठेवली, घड्याळ चौतीस मिनिटं पुढे गेलं. काहीच मागे ठेवलं नाही त्या दिवशी बोगदा आलाच नाही. दहा पानं ठेवली, जवळजवळ तास मिळाला. शेवटच्या पानाची शेवटची चिठ्ठी पडेपर्यंत उजेड यायचा नाही. शिवणबाईला एकदा सहज विचारलं, "आज शेवटचा बोगदा लांबला का हो?" ती म्हणाली, "कुठला? सातवा? होता तसाच होता की." तिच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

त्या बोगद्यात चाकांचा खडखडाट हळूहळू विरायचा. शिवणबाईची बडबड थांबायची. मग फक्त कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तो आवाज दोनदा येतोय. आपण एक अक्षर काढलं की मागोमाग, जरासा उशिराने, तसाच आवाज डाव्या हाताला. डाव्या हाताला खिडकी होती. बोगद्यात आवाज घुमायचाच, असं तिने ठरवलं आणि पुढचं पान घेतलं.

घरी मात्र चंगळ झाली. डोक्यात कामाचा कणही नाही. ठकीबरोबर तिने पुठ्ठ्याचं गाव केलं, तिच्या निळ्या बुटांना नवे बंद ओवले, झोपताना तिच्या सगळ्या लांबलचक तक्रारी ऐकल्या. ठकी एकदा म्हणाली, "हल्ली तू सगळी असतेस." ते ऐकून तिला इतकं बरं वाटलं की ती न्हाणीघरात जाऊन थोडी रडली.

५

मग लोभ सुटला. दोन-तीन दिवसांचं काम एका दिवसात उरकावं म्हणून तिने एकदम चाळीस पानं मागे ठेवली.

आठवा बोगदा आला. तिने लिहायला सुरुवात केली. दहा पानं झाली, पंधरा झाली. भूक लागली, तशीच लिहीत राहिली. मान आखडली. मनगटावरच्या घड्याळाकडेही बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, कारण मान हलली की लक्ष गेलं. दोनशे सत्ताविसाव्या पानावर ती थांबली. सकाळी टोक केलेली पेन्सिल, अजून चांगली वीतभर होती. एका करकोच्याचं नाव लिहायचं होतं. पेन्सिल टेकवली, आणि न लिहिता तशीच धरून ठेवली.

डाव्या हाताला आवाज चालूच होता.

एखादा माणूस उठून पळाला असता. चिठ्ठीबाईला पहिल्यांदा वाटलं ते इतकंच की बघू तरी. तिने तीन वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं.

बाहेर काळोख, त्यामुळे काचेत डबा स्वच्छ उमटला होता. तिची जागा, मांडीवरचा पत्र्याचा डबा, पानं. आणि ती. पण काचेतलीने मान वर केलेली नव्हती. ती खाली बघून लिहीत होती. तिच्या बोटांत पेन्सिल अशी नव्हतीच, वालाच्या दाण्याएवढं थोटुक होतं. केस सुटून पुढे आलेले, आणि ते मागे सारायलाही तिला सवड नव्हती.

डोळ्यांवर उजेड आदळला. शिवणबाई म्हणत होती, "काय झालं हो? पांढऱ्याफटक पडलात." सातव्या बोगद्यातून गाडी नुकतीच बाहेर आली होती.

६

त्यानंतर तिने गाडीत पिशवी उघडली नाही. खिडकीतून बाहेर बघत बसायची. नदी दिसली, खरंच सुंदर होती. बोगदे सात. घड्याळ काटेकोर.

पण काम? महिनाअखेरीला द्यायचं होतं आणि निम्मं बाकी होतं. दोन दिवसांनी, आता संपादकांना खरं सांगून टाकावं म्हणून तिने कचेरीत डबा उघडला. आत दोनशे सत्तावीसपासून दोनशे ऐंशीपर्यंतच्या चिठ्ठ्या होत्या. तिच्याच अक्षरात. एकही चूक नव्हती.

संपादक म्हणाले, "वा. हा वेग कायम ठेवा."

त्या वेळी तिने काय करायला हवं होतं हे सांगणं सोपं आहे, आपण काय, गोष्ट ऐकतोय. तिने डबा बंद केला. कोण करतंय हे तिला माहीत होतं. विचारायचं मात्र तिने टाळलं, कारण विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं, आणि थांबवलं असतं तर पिशवी घरी उघडावी लागली असती. ती रोज उरलेली पानं, कोऱ्या चिठ्ठ्या आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली पिशवीत ठेवायची. रोज पेन्सिली गायब व्हायच्या आणि चिठ्ठ्या वाढायच्या. रोज संध्याकाळी ठकी बाकावरून हात वर करायची. तिला लाज वाटायची, आणि सुखही वाटायचं, दोन्ही एकदमच.

चारशे बाराव्या पानाच्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला. लाल दोरा काढला. डबा पालथा केला, तर तळाशी एक चिठ्ठी जास्तीची होती.

"मुलगी, बाकावरची: ४१३."

७

सूची करणाऱ्याच्या हातून होऊ नये अशी एकच मोठी चूक असते. पुस्तकात नसलेल्या पानाचा आकडा देणं. वाचणारा ते पान शोधत बसतो आणि पुस्तक आधीच संपलेलं असतं. चिठ्ठीबाईने आयुष्यात ती चूक कधी केली नव्हती.

तिने ती चिठ्ठी फाडली. पक्ष्यांचा गठ्ठा बांधून, थोटुक खोचून संपादकांच्या टेबलावर ठेवला. रिकामा डबा पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी डब्यात चार चिठ्ठ्या.

"निळे बूट, नवे बंद: ४१३."

"पुठ्ठ्याचं गाव, त्यातली शाळा: ४१४, ४१६."

"खिडकीतली बाई, वर बघणारी: २२७."

"खिडकीतली बाई, घरी जाणारी: ४१३, ४१४, ४१५, ४१६."

तिला कळायला वेळ लागला नाही. कुठली गोष्ट कुठल्या पानावर आलीय हे लावण्यात तिची हयात गेली होती. वर बघितल्याच्या दिवसापासूनच्या एकेका संध्याकाळला एकेक आकडा दिलेला होता. खात्री करायला तिने वाट पाहिली. बुधवारी जेवताना ठकीचा समोरचा दात पडला. गुरुवारी डब्यात चिठ्ठी होती, "मुलीचा दात: ४२९." तिने दिवस मोजले. बरोबर होतं.

अक्षर आता जरा थरथरतं यायला लागलं होतं. आकडे सरळ होते, पण "मुलगी" हा शब्द प्रत्येक चिठ्ठीवर जास्तच दाबून लिहिलेला, कागद मागून उठावा इतका. चिठ्ठीबाई ते बोटाने चाचपून बघायची. भीती वाटायची, पण त्याहून जास्त वाटायचं ते दुसरंच. मान वर न करता एक बाई लिहीत बसलीय, उजेड यावा म्हणून. काम संपलं की घरी जायचं, एवढंच तिला ठाऊक. हे तिला शिकवलं कोणी? आपणच.

एका दुपारी न राहवून तिने कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, "थांबलीस तरी चालेल." आणि डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी तशीच होती. खाली फक्त एक आकडा टाकला होता, ते वाक्य कुठल्या पानावर आलं ते सांगणारा.

८

तिने भावाला सांगितलं, "दादा, मी ही नोकरी सोडतेय."

"का गं? एवढी छान चाललीय."

"ठकीजवळ राहीन. तुझ्या शेजारी बसून घड्याळांचे पट्टे बदलीन हवं तर."

"पट्टे बदलायलाही डोळे लागतात," तो म्हणाला, पण खूश झाला. ठकीने तर उद्याच्या संध्याकाळसाठी लगेच यादी केली, त्यात पुठ्ठ्याच्या गावाला स्टेशन करायचं हे पहिलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीबाई संपादकांना सांगून मोकळी झाली. पिशवी, डबा, पेन्सिली, लाल दोऱ्याचं रीळ, सगळं कचेरीत ठेवलं आणि रिकाम्या हाताने चार दहाच्या गाडीत बसली. शिवणबाई म्हणाली, "आज ओझं नाही का?"

"संपलं," ती म्हणाली, आणि दोघी गप्पा मारत बसल्या. शिवणबाईच्या सुनेला दिवस गेले होते. नदीवर बगळे होते, चिठ्ठीबाईने त्यांची नावं सांगितली. बोगदे येत होते, जात होते, आणि प्रत्येक बोगद्यात ती काचेकडे न बघता शिवणबाईच्या तोंडाकडे बघत होती. सहा. सात. सातव्यातून बाहेर पडल्यावर तिने हातपाय मोकळे केले.

मग मांडीवर अंधार आला. दिवे लागले.

शिवणबाई वाक्याच्या मध्येच थांबली होती. चाकांचा आवाज विरला. चिठ्ठीबाई कानात प्राण आणून ऐकत राहिली. पेन्सिलीचा आवाज नव्हता. कसलाच नव्हता.

रिकाम्या मांडीवर जरासं वजन आलंय हे तिला मग जाणवलं. एक गठ्ठा होता. लाल दोऱ्याने नीट बांधलेला, तिचीच गाठ, आणि त्यात खोचलेलं वालाच्या दाण्याएवढं थोटुक. सगळ्यात वरची चिठ्ठी होती, "खिडकीतली बाई, घरी जाणारी." तिच्यापुढे आकड्यांची लांबलचक रांग. शेवटचा आकडा कालचा होता, आणि त्याच्यापुढे पूर्णविराम.

तिने दोरा सोडायला घेतला. नखं लागली, दात लागले, गाठ सुटेना.

तेव्हा तिने काचेकडे पाहिलं. डबा दिसत होता, बाक दिसत होतं, समोर तोंड अर्धवट उघडं ठेवलेली शिवणबाई दिसत होती. खिडकीजवळची जागा मोकळी होती. बसून बसून खोलगट झालेली गादी हळूहळू वर येत होती, नुकतंच कोणी उठलं असावं तशी.

उजेड आला. "...आणि सून म्हणते, मला आंबट नकोच," शिवणबाई म्हणाली, पण ते तिच्याकडे बघून नाही, दाराकडे बघून. चिठ्ठीबाई उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. गाडी थांबायच्या आत तिने उडी मारली.

पाच बावन्न. प्लॅटफॉर्मवर तीच गर्दी, तोच बाक. भाऊ होता, ठकी होती. ठकीने हात वर केला. तिने केला. ठकी बाकावरून उतरली आणि पळत सुटली, निळे बूट वाजवत, पडलेल्या दाताच्या फटीतून हसत. चिठ्ठीबाई गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पसरले.

बूट तिच्या अगदी बाजूने, पदराला वारा लागेल इतक्या जवळून, पुढे निघून गेले.

तिने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या हातात गठ्ठा होता, तो तिने घट्ट धरला. पाठीमागे गाडीच्या पायरीवरून कोणीतरी जपून उतरत होतं, खूप वेळ बसलेल्या माणसाचे पाय अवघडतात तसं.

"किती दमलीस गं," ठकीचा आवाज आला. "झालं का सगळं काम?"

आणि फार दिवसांत न बोललेल्या, बसलेल्या, पण तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "झालं, बाळा. आता मी सगळी तुझी."